बिल्ला कानात, हिशेब वहीत

आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन भाषा सुखाने नांदतात. आजीने कन्नडात 'हसु' म्हटले की ती गाय असते आणि नातवाला मात्र मराठीतले हसू आठवते. गाय दुधाची निघाली तर दोघांचेही खरे ठरते! पण आजची कालवड उद्या दुधाची निघेल का, हे आधी ओळखायचे कसे?

वळूची पारख तर त्याहून अवघड. तो स्वतः दूध देत नाही. त्याच्या लेकी वयात येऊन, विऊन दूध देईपर्यंत सहा-सात वर्षे जातात. थिओ म्यूविसेन, बेन हेज आणि माईक गोडार्ड या शास्त्रज्ञांनी २००१ साली यावर वाट दाखवली. वासराच्या जनुकांतल्या हजारो खुणा वाचायच्या आणि त्यावरून त्याचा गुण वर्तवायचा. अमेरिकेत होल्स्टीन गायींसाठी ही पद्धत २००९ पासून अधिकृतपणे सुरू झाली. आपल्याकडे देशी गायींसाठी 'गौ चिप' ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला सादर झाली.

मात्र चिप फक्त खुणा वाचते. कोणती खूण दुधाची, हे तिला आधी शिकवावे लागते. त्यासाठी जनुके तपासलेल्या आणि दूध मोजलेल्या, अशा गायींचा मोठा 'संदर्भ कळप' लागतो. कळप जितका मोठा, नाते जितके जवळचे आणि मोजमाप जितके चोख, तितका अंदाज अचूक. होल्स्टीनचा हिशेब आपल्या देशी गायीला लागू पडत नाही, तो याचमुळे.

आपल्यासारखेच दुसरे एक सीमेवरचे गाव पाहा. गोंदिया जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये लांजी आहे. तो मुलूख पांढऱ्या, चपळ गवळाऊचा. ही जात बालाघाट, छिंदवाडा, शिवनीपासून आपल्या वर्धा-नागपूरपर्यंत पसरलेली आहे. लांजीच्या गायीची नोंद एका राज्यात आणि वर्ध्याच्या तिच्या बहिणीची दुसऱ्या राज्यात वेगळी राहिली, तर दोन्हीकडचा कळप तोकडाच पडेल. लातूर-उदगीर आणि बीदरच्या देवणीचीही गत तीच. जात एक असेल तर हिशेबही एकत्र हवा.

यात घरच्या माणसांचा वाटा मोठा आहे. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, विण्याची तारीख, कितवे वेत आणि महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचे मोजलेले दूध वहीत लिहावे. चाऱ्यात बदल झाला तर तोही टिपावा, नाहीतर हिरव्या चाऱ्याचे श्रेय रक्ताला मिळते. आणि गिऱ्हाईक आले की दोन लिटर वाढवून सांगायची आपली जुनी खोड निदान वहीत तरी नको. खोटा आकडा त्या गाईपुरता राहत नाही, पुढच्या वळूची निवडही तो चुकवतो.

बहुतेक घरांत धार काढते ती सासू किंवा सून. वहीही तिच्याच हाती द्या. भाषा मराठी असो वा कन्नड, आकडा खरा असला की झाले.