नवरा खोटा, गर्भ खरा

सुटीच्या दिवशी लोणावळ्याच्या बाजारपेठेत शेकडो जोडपी उतरतात. चिक्की घेतात, भुशी धरणाकडे वळतात, संध्याकाळी मुंबईची नाहीतर पुण्याची गाडी धरतात. त्यांतलं कोण खरोखरच नवरा-बायको आहे, हे कोणी विचारत नाही. गळ्यात मंगळसूत्र, हातात पिशवी आणि सोबत एक पुरुष, एवढं दिसलं की आपलं समाधान होतं. आपल्या या सवयीचा उपयोग महाराष्ट्रात दोन दशकांहून अधिक काळ एका गंभीर गुन्ह्याच्या तपासासाठी होत आला आहे. तो गुन्हा म्हणजे गर्भलिंग निदान.

आता तुम्ही विचाराल, त्यासाठी खोटं जोडपं कशाला हवं? नेहमीच्या गुन्ह्याचा विचार करा. चोरी झाली की ज्याची वस्तू गेली तो चौकीवर जातो. इथे मात्र डॉक्टरला पैसे मिळालेले असतात आणि कुटुंबाला हवी ती माहिती मिळालेली असते. जिच्यावर दबाव आला, ती सून सासरच्या माणसांविरुद्ध तोंड उघडणं कठीण. आणि जिचं सगळंच गेलं, ती तर जन्मालाच आलेली नसते. म्हणजे गुन्हा आहे, पण तक्रारदार नाही. पुरावा म्हणावा तर बंद खोलीत उच्चारलेला एखादा शब्द. पेढे की जिलबी, सोमवार की शुक्रवार, असल्या सांकेतिक भाषेत निरोप दिल्याचं अनेक ठिकाणी उघडकीला आलं आहे. म्हणून कायद्यानेही केवळ शब्दांनी नव्हे, तर खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे गर्भाचं लिंग सांगण्यास मनाई केली आहे.

या विषयावर कायदा करण्यात महाराष्ट्राने देशात पहिलं पाऊल टाकलं, ते १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ पासून लागू झाला. पण अंमलबजावणी होईना, तेव्हा २००० मध्ये 'सेहत', पुणे जिल्ह्यात काम करणारी 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरीही आकडे खाली येतच राहिले. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे जनगणना सांगते. महाराष्ट्रात २००१ मध्ये हा आकडा ९१३ होता, २०११ मध्ये तो ८९४ झाला. आपल्या पुणे जिल्ह्यात ९०२ वरून ८८३, तर बीडमध्ये ८०७ पर्यंत घसरला.

तक्रारदार नाही, तर साक्षीदार उभा करावा लागतो. त्यालाच सापळा किंवा 'डिकॉय केस' म्हणतात. तो कसा रचतात? नुसतं उदाहरण म्हणून समजा, मावळातल्या एखाद्या गावची, चार महिन्यांची गर्भवती या कामाला तयार झाली. तिच्याबरोबर नवरा म्हणून, कधी भाऊ किंवा नणंद म्हणून, एखादा कार्यकर्ता जातो. नाव बदलता येतं, गाव बदलता येतं, नवराही खोटा चालतो. गर्भ मात्र खराच लागतो, कारण सोनोग्राफीच्या यंत्राला फसवता येत नाही. साऱ्या नाटकात एवढीच गोष्ट खरी असते आणि म्हणूनच सगळी जोखीम त्या बाईची असते.

आधी नोटांचे नंबर टिपले जातात, पंच ठरतात, संभाषण टिपण्याची सोय होते. जोडपं आत जातं. मध्यस्थ रक्कम सांगतो, तपासणी होते, निरोप मिळतो. मग बाहेर इशारा जातो आणि 'समुचित प्राधिकारी' म्हणजे कायद्याने नेमलेला अधिकारी आत येतो. त्याला झडतीचा आणि यंत्र सील करण्याचा अधिकार आहे. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावं लागतं. विचारायचं, पण गळ घालायची नाही. जो गुन्हा करायला तयारच आहे त्याला पकडायचं असतं, चांगल्या डॉक्टरला मोहात पाडायचं नसतं.

झडतीत 'एफ' फॉर्मही तपासला जातो. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीपूर्वी तो भरावाच लागतो. त्यातली त्रुटी म्हणजे कायद्याचा भंग, ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम ठेवली. ही नुसती कारकुनी आहे, अशी तक्रार काही डॉक्टर करतात. पण ज्या गुन्ह्याला आवाज नाही, त्याचा माग कागदावरच लागतो.

सापळ्याने सगळं साधतं का? नाही. हरियाणातल्या पलवलला २००१ मध्ये सापळा रचला गेला. या कायद्याखाली डॉक्टरला तुरुंगवासाची देशातली पहिली शिक्षा त्याच खटल्यात झाली, पण ती २००६ मध्ये. तोवर साक्षीदार बाईचं मूल शाळेच्या वयाचं झालेलं असतं. मधल्या काळात तिच्यावर दबाव येतो, कोर्टाच्या तारखा पडतात, रोजगार बुडतो.

आपल्याकडचं उदाहरण अधिक बोलकं आहे. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियान'ने राज्यभर असे सापळे रचले. २०१० मध्ये त्यांनी परळीच्या डॉ. सुदाम मुंडेला उघडं पाडलं. तरीही त्याचा दवाखाना चालूच राहिला. २०१२ मध्ये तिथे गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे सारी यंत्रणा हलली. त्या मृत्यूच्या प्रकरणात मुंडे आणि त्याच्या पत्नीला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये सांगलीजवळच्या म्हैसाळलाही एका विवाहितेच्या मृत्यूनंतरच पुरलेले १९ गर्भ सापडले. म्हणजे सापळा लावला नाही, किंवा लावूनही पुढे काही केलं नाही, तर गुन्हा उघड होण्यासाठी एका बाईचा जीव जावा लागतो. सापळ्याचं खरं मोल इथे आहे.

गर्भवतीबद्दल कायद्याची भूमिकाही समजून घ्यायला हवी. चाचणीला आलेल्या बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली, असंच न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत धरून चालतं. सक्ती झालेल्या बाईला शिक्षा नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि हे काम केवळ कार्यकर्त्यांचं नाही. कोणाही नागरिकाला समुचित प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. जिल्ह्यासाठी ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यावी. कारवाई झाली नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे. एखादं केंद्र कशासाठी प्रसिद्ध आहे, हे गावात बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांतल्या एकाने वेळीच अर्ज लिहिला, तर कुणा गर्भवतीला परक्या माणसाची बायको बनून त्या दारात जावं लागणार नाही.