सप्तकुंडाची वाट

अजिंठ्याला जाणारे बहुतेक जण चित्रे पाहून परततात. ज्या पाण्यामुळे तेथे विहार वसले, त्या पाण्याकडे मात्र क्वचितच कोणी वळतो.

वाघूर नदीने काळ्या पाषाणात घोड्याच्या नालाच्या आकाराची दरी कोरली आहे. दरीच्या माथ्याशी ती सात टप्प्यांनी कोसळते. तोच सप्तकुंड धबधबा. समोरच्या डोंगरावरून पायवाटेने दरीत उतरताना सुमारे ३० लेण्यांची रांग दिसते. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दहावे लेणे दिसले, तेही याच दरीपलीकडून.

तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. चारिकेत कोवळी रोपे व जीवजंतू तुडवले जाऊ नयेत, हा त्यामागील विचार. या वर्षावासासाठी निवारा, एकांत आणि पाणी हवे. ते तिन्ही येथे होते. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे संघाला दान दिले.

लेण्यांना जोडणारी आजची वाट अलीकडची आहे. पूर्वी लेण्यांतून नदीपर्यंत स्वतंत्र पायऱ्या उतरत असत. वर्ण-कुळ मागे ठेवून संघात आलेल्यांसाठी प्रवाह एकच होता.

पावसाळ्यात मुलांना तेथे अवश्य न्यावे. खडक शेवाळलेले असतात, म्हणून कुंडात उतरू देऊ नये. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली ज्यांच्या पूर्वजांना सत्याग्रह करावा लागला, त्या मुलांना वाघूरच्या काठी उभे करून हा इतिहास सांगावा.