आपला काळा दगड आणि डायनासोरचा अंत

निपाणीकडच्या काळ्या जमिनी कुणाला ठाऊक नाहीत! ही माती काळ्या दगडाची झीज होऊन झाली आहे. भूशास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा थरावर थर थिजून तो बनला. महाबळेश्वरला हे थर हजार मीटरहून जाड आहेत, तर बेळगाव भागात ते संपत येतात. गोकाकचा धबधबा कोसळतो तो याहून कितीतरी जुन्या वालुकाश्मावरून.

हा लाव्हा वाहत होता त्याच काळात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, मेक्सिकोत युकातानजवळ सुमारे १० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला. त्याचे चिक्शुलूब विवर सुमारे १८० किलोमीटरचे, म्हणजे आपल्या लोणारच्या जवळजवळ शंभरपट. तेव्हाच्या सजीवांच्या सुमारे तीन चतुर्थांश जाती संपल्या.

मेक्सिकोतल्या एका धडकेने इतक्या दूरचे प्राणी कसे मेले? खरा घात झाला तो उपासमारीने. धूळ, काजळी आणि तिथल्या खडकांतले गंधक आकाशात पसरले. ऊन अडले, गारठा आला. झाडे आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती अन्न बनवेनाशा झाल्या. आधी शाकाहारी गेले, मग त्यांच्यावर जगणारे. बिळात राहणारे, किडे-बिया खाऊन भागवणारे लहान जीव तगले. डायनासोरांची एक शाखाही वाचली, ती म्हणजे पक्षी. दारातली कोंबडी त्याच घराण्यातली!

पुरावा १९८० मध्ये पुढे आला. लुईस आणि वॉल्टर आल्वारेझ या बापलेकांना आणि सहकाऱ्यांना इटलीतल्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम भरपूर सापडले. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण अशनींत बराच असतो.

तरीही आपला दख्खनचा लाव्हा संशयित आहेच. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू बाहेर पडत होते. उद्रेक टक्करीच्या आधीच सुरू झाले आणि नंतरही चालू राहिले. त्यांचा जोर नेमका केव्हा वाढला, यावर २०१९ मध्ये दोन संशोधक गटांनी वेगवेगळी कालगणना मांडली. मला विचाराल तर मुख्य आरोपी लघुग्रहच. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचे गाळ आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडतात, म्हणजे उद्रेकांच्या मधल्या काळात जीवन पुन्हा रुजत होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते आधीच ओढाताणीत होते, पण ते बुडवले एकाच फटक्याने.