तुपाचा मुलूख सांगणारे रसायनशास्त्र

तूप शुद्ध आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ते कोणत्या मुलखातील आहे, हे पाहावे लागते. जनावर जे खाते व जे पाणी पिते, त्याचा ठसा त्याच्या दुधात उमटतो. हा ठसा वाचण्याचे काम रासायनिक विश्लेषण करते.

तुपाच्या परीक्षेत रायकर्ट-माइसल अंकाला जुने स्थान आहे. ५ ग्रॅम तुपातील, पाण्यात विरघळणारी बाष्पनशील मेदाम्ले उदासीन करण्यास दशांश सामर्थ्याचे अल्कली द्रावण जितके मिलिलिटर लागते, तो हा अंक होय. या मेदाम्लांपैकी प्रमुख असलेले ब्युटिरिक आम्ल वनस्पती तेलांत नसते. साहजिकच वनस्पती तुपाची भेसळ झाली की अंक घसरतो.

तथापि, अंक घसरला म्हणजे भेसळ झालीच, असे मात्र नव्हे. कापूस पिकविणाऱ्या भागात गाईम्हशींना सरकी चारली जाते. सरकीतील तेलामुळे दुधातील स्निग्धांशाची घडण बदलते व अस्सल तुपाचाही अंक उतरतो. सरकीचे तेल ओळखण्याची हाल्फेन कसोटीही अशा तुपात होकारार्थी येऊ शकते. केवळ या कसोट्यांवर विसंबल्यास प्रामाणिक उत्पादक गुन्हेगार ठरेल. म्हणूनच १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत महाराष्ट्रासह काही राज्यांतील कापूसपट्ट्यासाठी कमी किमान अंक ठरविण्यात आला होता. परंतु या सवलतीच्या आडून अन्यत्रचे भेसळयुक्त तूप कापूसपट्ट्याचे म्हणून खपविले जाण्याचा धोका उरतोच.

येथे स्टेरॉलची परीक्षा उपयोगी पडते. दुधाच्या स्निग्धांशात मुख्यतः कोलेस्टेरॉल असते, तर वनस्पती तेलांत बीटा-सिटोस्टेरॉल. जनावराने सरकी खाल्ली तरी हे वनस्पतिज स्टेरॉल दुधात फारसे उतरत नाही. ते तुपात लक्षणीय प्रमाणात आढळल्यास बाहेरून तेल मिसळल्याचा सबळ पुरावा मिळतो.

मुलूख ओळखण्याचे आधुनिक साधन म्हणजे समस्थानिकांचे मापन. ज्वारी, मका व ऊस यांमध्ये कार्बन-१३ चे प्रमाण भात, गहू व कापूस यांच्यापेक्षा किंचित अधिक असते. त्यामुळे कडब्यावर पोसलेल्या आणि भाताच्या पेंढ्यावर पोसलेल्या म्हशींच्या दुधातील कार्बन वेगवेगळी साक्ष देतो. पाण्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून हवामानाचा, तर स्ट्राँशियमवरून जमिनीखालील खडकाचा अंदाज बांधता येतो. इटलीत पार्मिजानो रेजानो चीजचे मूळ पडताळण्यासाठी अशा मापनांचा उपयोग केला जातो.

अर्थात, यंत्र गावाचे नाव सांगत नाही. कडबा दूरच्या जिल्ह्यातून आणलेला असेल, तर दुधातील कार्बन त्या चाऱ्याचीच साक्ष देईल. ऋतुमानाप्रमाणे चाराही बदलतो. यास्तव प्रत्येक विभागातील, प्रत्येक हंगामातील खात्रीचे नमुने तपासून त्यांची नोंद हाताशी असणे अगत्याचे आहे. अशा नोंदींच्या आधारेच ग्राहकाची फसवणूक टळेल आणि सरकी चारणाऱ्या शेतकऱ्यावर नाहक ठपकाही येणार नाही.