सावित्रीकाठच्या परसात मासे आणि पालेभाजी

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि एप्रिल उजाडला की याच डोंगरांतल्या कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. उताराची जमीन पाणी धरून ठेवत नाही. सावित्री, काळ, गांधारी या नद्या ते खाडीकडे घेऊन जातात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी यांनी भरलेले ताट मग कडधान्यावर आणि सुक्या मासळीवर येते. हंड्याने आणलेले पाणी माणसांना आणि गुरांना पुरवायचे की पालेभाजीच्या वाफ्याला घालायचे, हा प्रश्न घरातल्या बाईला पडतो, आणि वाफा वाळतो.

हा केवळ चवीचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ या वयातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ व्यक्तीला रोज सुमारे १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या सुचवते. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत ही मात्रा जिथे दुर्मीळ होते, तिथे एकच पाणी पुनःपुन्हा फिरवून मासे आणि भाजी दोन्ही पिकवणारी ॲक्वापोनिक्सची पद्धत विचारात घेण्याजोगी आहे.

तिचे तत्त्व कोकणाला अपरिचित नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे भातखाचरांत शिरतात आणि त्यांची विष्ठा भाताच्या मुळांना मिळते. परसातल्या टाकीत हेच नियमाने घडवायचे असते. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात; तो साचला तर त्यांनाच मारतो. खडीवर वाढणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट हे झाडांचे खत. झाडे ते शोषून घेतात आणि पाणी माशांकडे परत जाते. म्हणजे मासे आणि भाजी डोळ्यांना दिसतात, पण खरी शेती जिवाणूंची असते.

नवख्या माणसाने ५०० लिटरची एक टाकी आणि एक चौरस मीटरचा, ३० सेंटिमीटर खोल वाफा यांपासून सुरुवात करावी. वाफ्यात काळ्या दगडाची धुतलेली खडी भरावी. जांभ्याचे तुकडे घरबसल्या मिळतात, पण ते झिजून पाणी गढूळ करतात. खडीवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तीत चुना आहे, ती घेऊ नये. एवढ्या खडीचे वजन साडेचारशे किलोंच्या आसपास भरते, शिवाय पाण्याचे वजन वेगळे. तेव्हा वाफा गच्चीवर नव्हे, जमिनीवरच्या भक्कम चौथऱ्यावर हवा. टाकीतला लहान पंप टायमरवर दर तासाला १५ मिनिटे चालवला की वाफा भरतो आणि उरलेल्या वेळात पाणी हळूहळू टाकीत उतरते. मत्स्यपेटीत असतो तसला हवेचा पंप मात्र अखंड चालू राहिला पाहिजे. रोज बाष्पीभवनाने आणि पानांवाटे जाते ते पाणी साधारण एका हंड्याएवढे. मे महिन्याच्या कडक उन्हात थोडे अधिक लागेल. वर झापांचा मांडव घातला तर तेही आटोक्यात राहते.

आता पिंपाविषयी, कारण या भागात सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि भंगारात मिळणाऱ्या स्वस्त निळ्या पिंपांत पूर्वी काय भरले होते हे विकणाराही खात्रीने सांगू शकत नाही. प्लॅस्टिक रसायन शोषून ठेवते. कितीही धुतले तरी ते पुढे पाण्यात झिरपत राहू शकते, माशांच्या अंगात जाते आणि अखेर आपल्या ताटात येते. आरोग्यासाठी मांडलेल्या खटाटोपात असे पिंप घेणे म्हणजे विकतचे दुखणे. खाद्यतेल किंवा सरबताचा अर्क आलेले, ओळखीच्या माणसाकडून मिळालेले पिंप चालेल. नाही तर पिण्याच्या पाण्याची नवी टाकीच घ्यावी.

पाण्याचीही एक खोच आहे. ग्रामपंचायत विहिरीत किंवा नळयोजनेत टीसीएल पावडर टाकते. त्यातला क्लोरीन आपल्याला साथीच्या रोगांपासून वाचवतो, पण मासे आणि जिवाणू दोघांनाही तो मारक आहे. असे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून, ढवळून, मगच टाकीत घालावे.

टाकी भरली की त्याच दिवशी मासे सोडण्याचा मोह होतो. बहुतेकांचे मासे याच घाईत दगावतात. जिवाणूंची वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात रोज चिमूटभर मत्स्यखाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणाऱ्या तपासणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आले, आणि नायट्रेट दिसू लागले, की मासे सोडावेत. म्हणून दिवाळीच्या सुमारास पाणी भरणे सोयीचे: थंडी वाढण्याआधी वस्ती बसते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वाफा भरात येतो.

मासा कोणता? रोहू-कटला तळ्याचे मासे, त्यांना एवढी टाकी तोकडी पडते. देशी मागूर सोशीक. पृष्ठभागावर येऊन तो थेट हवाही घेतो, त्यामुळे वादळात वीज गेली तरी काही तास तग धरतो. मात्र तो उडी मारून बाहेर पडतो, तेव्हा टाकीवर घट्ट जाळी हवी. घरात लहान मूल असेल तर ती जाळी दुहेरी कारणाने हवी. मागूर म्हणून थाय मागूर गळ्यात मारला जातो; त्याच्या संवर्धनावर भारतात बंदी आहे, म्हणून बीज खात्रीच्या केंद्रातूनच आणावे. शाकाहारी घरांनी गोल्डफिश पाळले तरी भाजीचे काम अडत नाही. सुरुवातीला २५ बोटुकली पुरे. वाढून ती शंभर ग्रॅमची झाली की दिवसाला ५० ग्रॅम खाद्य लागते, आणि एक चौरस मीटर पालेभाजीला तेवढेच पोषण हवे असते.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. असे पाणी परसात शिरले तर टाकीतले परके मासे थेट नदीत जातील. सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीवर वाळण कोंडीतले मासे वरदायिनी देवीचे म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. टाकी पूररेषेच्या वर मांडावी, आणि बहुतेक मासे मे अखेरीस काढून घ्यावेत. जिवाणू जगवण्यापुरते चार-पाच ठेवले की झाले.

वाफ्यात पहिल्या वर्षी नाळीची भाजी, अळू, लाल माठ, पालक, पुदिना एवढेच लावावे. टोमॅटो-वांग्याचा लोभ दुसऱ्या वर्षी. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर ती लोहाची कमतरता. माशांच्या खाद्यातून लोह पुरेसे येत नाही, म्हणून चिलेटेड लोह थोडे थोडे घालावे लागते. पाण्याची आम्लता हळूहळू वाढते. पीएच साडेसहाच्या खाली उतरला की तिसऱ्यांच्या धुतलेल्या शिंपल्यांची पुरचुंडी टाकीत सोडावी. कोकणात या औषधाला पैसे पडत नाहीत.

कीटकनाशक एक थेंबही नको, शेणखत नको. ते पाणी माशांना आणि खाणाऱ्यालाही बाधते. मत्स्यखाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावे, कारण खाद्यामागे उंदीर येतात आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हातावर जखम असेल तर टाकीत हात घालण्यापूर्वी रबरी हातमोजे चढवावेत. भाजी वाहत्या पाण्याने धुऊन, शिजवूनच खावी.

एवढ्या वाफ्यातून चौघांच्या घराला आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी मिळावी, इतकीच अपेक्षा ठेवावी. पालेभाजीतले लोह शरीरात कमी शोषले जाते. लिंबू पिळले किंवा त्याच जेवणात मासळी असली तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. ज्यांचे हिमोग्लोबिन खालावले आहे त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या भाजीच्या भरवशावर थांबवू नयेत. बीज, खाद्य आणि माशांचे आजार यांविषयी रोह्याजवळच्या किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारणा करता येते. जाताना टाकीच्या पाण्याची स्वच्छ बाटली भरून न्यावी.