हिरवा स्फटिक, फॉस्फेट आणि किंमत

परभणीकडच्या काळ्या पाषाणात विहीर खोदताना हिरवट, काचेसारखा स्फटिक हाती लागला, की त्याला ॲपेटाइट किंवा त्याहून दुर्मीळ फॉस्फेट ठरवायची घाई होते. पुरावा काय, तर फोटोशी रंग जुळतो. पण ओळख खडकापासून सुरू व्हावी. इथला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात स्फुरद अर्ध्या टक्क्याहून कमी आणि तोही बहुतेक सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ॲपेटाइटच्या सुयांत अडकलेला. लाव्ह्यातल्या वायूंच्या पोकळ्यांमधून पुढे जे पाणी झिरपले, त्यात सिलिका आणि चुना भरपूर. म्हणून तिथे झिओलाइट, कॅल्साइट, ॲपोफिलाइट वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळेशार कॅव्हनसाइटसुद्धा सिलिकेटच. ॲपोफिलाइटला हिरवेपणा येतो तो व्हॅनेडियममुळे, स्फुरदामुळे नव्हे.

शक्यता कमी म्हणजे अशक्य नव्हे, हा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच तपासायचे. चाकूने ओरखडून मात्र काही कळत नाही: ॲपेटाइटचे काठिण्य ५, तर ॲपोफिलाइटचे साडेचार ते पाच. वजन अधिक बोलके. खडक न चिकटलेला स्फटिक आधी कोरडा तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात टांगून. कोरड्या वजनाला पाण्यात झालेल्या घटीने भागले, की ॲपेटाइटचा आकडा ३.२ च्या आसपास येतो, ॲपोफिलाइटचा २.३५ च्या. शिवाय ॲपोफिलाइट एकाच दिशेने सपाट फुटतो आणि त्या बाजूला मोत्यासारखी झळाळी असते. ॲपेटाइटचा स्फटिक षट्कोनी. नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालून पिवळा साका पाहण्याची परीक्षा कॉलेजातही होते, पण तापवल्यावर आर्सेनेटही तसाच साका देते, आणि नमुन्याचा तुकडा वाया जातो. देखण्या स्फटिकावर ती करूच नये. रामन वर्णपट खड्याला धक्का न लावता उत्तर देतो.

आणि समजा, निघाला फॉस्फेट. म्हणून तो मोलाचा? उदयपूरजवळ झामरकोटड्याला खतासाठी फॉस्फेटी खडक टनांनी खणतात; अंगठीतला फिरोजाही फॉस्फेटच. बोलिव्हियातल्या पोतोसीचा निळसर हिरवा फॉस्फोफिलाइट खरोखर दुर्मीळ, पण काठिण्य जेमतेम ३ ते ३.५ आणि ठिसूळ, त्यामुळे दागिन्याला निरुपयोगी. त्याला पैसे मोजतो तो संग्राहक. तो पाहतो टोके अखंड आहेत का, रंग आणि आकार कसा, खडा नेमका कुठल्या खाणीतला. छिन्नीने उपटून टोक उडवलेल्या दुर्मीळ खनिजापेक्षा मूळ खडकासकट जपलेला हिरवा ॲपोफिलाइट त्याच्याकडून जास्त दाम मिळवू शकतो.