मुलगी घोड्यावर, जीव टांगणीला!

घोडेस्वारी नागपूरकरांना नवी नाही. इथल्याच डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला घोडेस्वारी शिकवणारं भोसला मिलिटरी स्कूल काढलं. तरी मैत्रिणींनो, शेजारची मुलगी दुडक्या चालीने निघते आणि आपली रडवेली होते, तेव्हा आईला राहवत नाहीच!

पण वर्ग एकत्र असला, तर वेग सर्वांत नवख्या मुलीचा धरावा. सरावलेली पुढे, नवखी तिच्या मागे; मध्ये घोडाभर अंतर, नाहीतर लाथ बसायची. आधी सगळ्यांनी सावकाश चालवायचं. मग दुडकी तयार मुलींनीच, बाकीच्यांनी थांबून बघायचं. रिकिबीत पाय अडकू नये म्हणून टाचेचे बूट हवेत, डोक्याला घट्ट टोप. नागपूरचं ऊन, तेव्हा वर्ग पहाटेच बरा.

आणि घरी ‘ती बघ कशी पळवते!’ म्हणू नका. भीतीने आवळलेला लगाम घोड्याला लगेच कळतो, हो!